पोटखराब्यातली पाखरं

भाद्रपद उजाडला की धाटावच्या शिवारात हळवं भात निसवू लागतं. लोंबीत दाणा भरतो तो आधी दुधासारखा पातळ असतो, मग चिकासारखा दाट होतो आणि शेवटी कडक. ज्या आठवड्यात दाणा दुधात असतो, त्याच आठवड्यात बांधावरच्या गवतावर एक बारीकशी गडबड सुरू होते. चिमणीहूनही लहान असे पंचवीस-तीस तपकिरी पक्षी गवताच्या काड्यांना लटकलेले दिसतात. काडी वाकते, पक्षी तिच्याबरोबर खाली येतो, दोन दाणे खातो आणि दुसऱ्या काडीवर जातो. कुणी जवळ आलं की सगळा थवा एकदम उठतो, हवेत एक लाट काढतो आणि दहा वावांवर पुन्हा गवतात बुडतो. ही मनोली. बाजारातलं नाव मुनिया.

आपल्याकडे हिच्या पाचसहा जाती आहेत. कोकणात सर्रास दिसते ती ठिपकेवाली मनोली. पाठ चॉकलेटी, आणि पोटावर कुणी खवले रेखाटावेत तशी नक्षी. दुसरी पांढऱ्या पाठीची, ती डोंगराच्या पायथ्याशी, रानाच्या कडेला. तिसरी पाणथळीतल्या लव्हाळ्यांतली तिरंगी, काळं डोकं, पांढरं अंग आणि विटकरी पाठ असलेली. आणि चौथी लाल मनोली. पावसाळ्यात हिचा नर असा लालबुंद होतो, आणि त्या लालावर पांढरे टिपके असे उठतात, की इंग्रजांनी तिला ‘स्ट्रॉबेरी फिंच’ म्हटलं. आता हा ‘फिंच’ शब्द जरा फसवा आहे, बरं का. युरोपातले खरे फिंच वेगळ्या कुळातले. चोच जाड, दाणे फोडायला बनलेली, एवढंच साम्य. मनोलीचं कूळ शास्त्रात ‘एस्ट्रिल्डिडी’ या नावानं ओळखलं जातं. त्यात सुमारे १४० जाती आहेत आणि त्या पसरल्या आहेत आफ्रिकेत, आपल्याकडे, आग्नेय आशियात, ऑस्ट्रेलियात आणि पॅसिफिकमधल्या बेटांवर. त्यांतला सर्वांत मोठा गोतावळा सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, आफ्रिकेत राहतो. म्हणजे धाटावच्या बांधावरची ही पाखरं ज्या घराण्यातली, त्याची मोठी पाती समुद्रापलीकडे आहे. आज बोलायचं आहे ते या भाऊबंदांविषयी आणि विशेषतः ते राहतात कुठं याविषयी.

आफ्रिकेतला एक पक्षी घेऊ. इंग्रजीत त्याला झेब्रा वॅक्सबिल म्हणतात. वॅक्सबिल म्हणजे लाखेसारख्या चोचीचा. पूर्वी पोस्टाच्या पार्सलावर तांबडी लाख वितळवून मोहोर उमटवीत, त्या लाखेचा रंग ज्यांना आठवत असेल त्यांना ही चोच डोळ्यांसमोर येईल. हा पक्षी लांबीनं जेमतेम नऊ-दहा सेंटिमीटर आणि वजनानं सात ग्रॅमच्या आसपास. आपलं दहा रुपयांचं नाणं याहून थोडं जडच भरेल. आफ्रिकेतल्या या कुळातला हाच सर्वांत चिमुकला. पाठ शेवाळी करडी, नराच्या डोळ्यांवर तांबडी भुवई, पोट नारिंगी-पिवळं आणि कुशीवर झेब्र्यासारखे आडवे पट्टे. राहतो तो ओलसर गवताळ प्रदेशात. दलदलीच्या कडा, नदीकाठचे बोरू, शेतांच्या कडेची उंच गवतं ही त्याची ठिकाणं. घनदाट अरण्यात तो नाही आणि कोरड्या वाळवंटातही नाही. स्वतः घरटं बांधण्याचा त्याला फारसा उत्साह नसतो. सुगरणीच्या जातीतल्या पक्ष्यांनी टाकून दिलेलं जुनं घरटं मिळालं की आत थोडी पिसं अंथरून तो संसार थाटतो.

गंमत अशी की शास्त्रज्ञांनी या आफ्रिकन चिमुकल्याला ज्या प्रजातीत घातलं, तिचं नाव ‘अमंडावा’, आणि हे नाव आलं आहे आपल्या अहमदाबादवरून! जुन्या काळी लाल मनोल्या पिंजऱ्यांत भरून अहमदाबादेहून परदेशी रवाना होत. गावाच्या नावाचा परदेशी जिभेवर ‘अमदावत’ झाला, त्याचा पुढे ‘अवदावत’ झाला, आणि १७५८ साली लिनियसनं लाल मनोलीला शास्त्रीय नाव दिलं ते या शब्दावरूनच. या प्रजातीत तीनच जाती धरतात. आपली लाल मनोली, मध्य भारतातली व अबूच्या पहाडाकडची हिरवी मनोली आणि आफ्रिकेतला हा झेब्रा वॅक्सबिल. दोघी इकडे, एक तिकडे.

असंच दुसरं जोडपं आहे. महाराष्ट्राच्या देशावर, कोरड्या माळांवर पांढऱ्या गळ्याची एक फिकट मनोली असते. तिची जुळी म्हणावी अशी जात आफ्रिकेत सेनेगलपासून पूर्वेकडे, सहाराच्या दक्षिण काठच्या पट्ट्यात आहे. दोघींत फरक एवढा थोडा की पूर्वी त्यांना एकच जात समजत. नकाशा समोर ठेवला तर आफ्रिकेतली जात अरबस्तानच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापर्यंत येऊन पोचते आणि आपली जात इराणमार्गे ओमानपर्यंत जाते. मध्ये वाळवंट आहे, पण त्याच्या दोन्ही अंगांना काटेरी झुडपांचा आणि विरळ गवताचा मुलूख आहे. पक्ष्यांचा नकाशा हा पुष्कळदा गवताचा नकाशा असतो, तो असा.

गवताच्या बियांवर जगायचं म्हणजे नेमकं काय, हे जरा बारकाईनं पाहू. आपल्याला गवत सगळं सारखंच दिसतं. पण एक गवत श्रावणात फुलतं, दुसरं अश्विनात. एकाचं बी पिकताच गळून पडतं, दुसऱ्याचं मार्गशीर्षापर्यंत काडीला चिकटून राहतं. हरळीचं बी बारीक, रानटी साव्याचं त्याहून भरीव. मनोलीला वर्षभर यांतलं कुठलं ना कुठलं बी मिळायला हवं. आधी काडीवरचं कोवळं, मग पिकलेलं, आणि शेवटी वैशाखात जमिनीवर धुळीत मिसळलेलं. कोरडं बी खाणाऱ्याला पाणीही जवळ लागतं. म्हणून एकाच जातीच्या गवताचं मोठं कुरण तिच्या फारसं कामाचं नाही. तिला हवं असतं नाना गवतांचं मिश्रण, मध्ये एखादी काटेरी जाळी आणि हाकेच्या अंतरावर ओढा किंवा डबकं. आफ्रिकेतल्या तिच्या भावंडांचीही मागणी थोड्याफार फरकानं हीच.

आणि पिल्लं वाढवायची तर दुधातला दाणा पाहिजे. कडक बी पिल्लाला पचत नाही. आई-बाप कोवळे दाणे, जोडीला थोडे किडे, आपल्या पोटाच्या पिशवीत भरून आणतात आणि पिल्लांच्या घशात ओततात. म्हणून कोकणात ठिपकेवाल्या मनोलीचा विणीचा मोसम म्हणजे पावसाळा. बाकीच्या बऱ्याच पाखरांची घाई उन्हाळ्यात उरकलेली असते, तेव्हा हिची सुरू होते. हिरव्या गवताच्या लांब पात्यांचा एक ओबडधोबड चेंडू एखाद्या काटेरी झुडपात कोंबलेला दिसतो. बाजूला एक भोक, तेच दार. आत चार ते सहा पांढरी अंडी. साधारण दोन आठवडे उबवणी आणि पुढे अडीच-तीन आठवड्यांत पिल्लं बाहेर. म्हणजे अंडं घातल्यापासून उडेपर्यंत पाच आठवडे. हे पाच आठवडे लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

इथं सुगरणीची आठवण येणं साहजिक आहे. आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, अलिबागजवळच्या किहीमला १९३० च्या सुमारास सालिम अली राहत होते आणि त्यांनी तिथं सुगरणीच्या वसाहतीचा दिवसेंदिवस अभ्यास केला. नर अर्धवट घरटी विणतो, माद्या येऊन ती पारखतात, पसंत पडली तर संसार, आणि एक नर असे दोन-तीन संसार मांडतो, हे त्यांनी तिथं पाहून नोंदवलं. मनोलीचं याच्या अगदी उलट. तिचं घरटं म्हणजे विणकाम नव्हे, कोंबाकोंबी. पण जोडी एकनिष्ठ. दोघं मिळून बांधतात, दोघं आळीपाळीनं अंड्यांवर बसतात, दोघं भरवतात. कलाकुसरीचं बक्षीस सुगरणीला देऊन टाकावं. घर चालवण्याचं मात्र मी मनोलीला देईन.

घरटं असं बंद असल्यामुळे आत अंधार असतो. त्या अंधारात पिल्लू भुकेलं आहे हे आईला दिसावं कसं? या कुळातल्या पिल्लांच्या टाळूवर आणि जिभेवर काळे ठिपके असतात. काही जातींत चोचीच्या कोपऱ्यांवर मण्यांसारख्या फिकट किंवा निळसर गाठी असतात, त्या अंधुक उजेडातही चमकतात. प्रत्येक जातीची नक्षी वेगळी. पिल्लू मान खाली घालून, डोकं वाकडं करून तोंड वासतं आणि ती नक्षी दाखवतं. जणू रेशनकार्डच पुढे करतं म्हणा ना.

पण जिथं कार्ड आहे तिथं खोटं कार्डही निघतं. आफ्रिकेत ‘विडुआ’ नावाचे पक्षी आहेत. ते घरटं बांधतच नाहीत. आपल्याकडे कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, तसे हे या छोट्या फिंचांच्या घरट्यांत घालतात. आणि विडुआच्या पिल्लाच्या तोंडात नक्षी असते ती यजमानाच्या पिल्लाची! उदाहरणार्थ, आफ्रिकेतल्या खेड्यांत घरांच्या अंगणात दाणे टिपणारा एक लहानसा तांबडा पक्षी आहे, त्याला फायरफिंच म्हणतात. त्याच्या घरट्यात निळसर काळ्या रंगाची एक विडुआ वाढते. हे परकं पिल्लू घरच्या पिल्लांना ढकलून देत नाही, त्यांच्यात मिळूनमिसळून वाढतं. त्याहून नवल पुढे आहे. त्यातला नर मोठा झाला की गातो ते पाळणाऱ्या बापाचं गाणं. माद्यादेखील ज्या गाण्यात वाढल्या तेच गाणं ओळखून नराकडे येतात, आणि पुन्हा त्याच जातीची घरटी शोधतात. असं पिढ्यानपिढ्या चालतं. आपल्या मनोल्यांच्या मागे हा उपद्रव नाही, कारण विडुआ आफ्रिकेबाहेर मूळचा राहतच नाही.

आपल्या ठिपकेवालीनंही शास्त्रज्ञांना काही शिकवलं आहे. कॅनडात पिंजऱ्यांतल्या ठिपकेवाल्या मनोल्यांवर बरेच प्रयोग झाले. प्रश्न असा होता, की थव्यात प्रत्येक पक्षी स्वतः दाणा शोधतो काय? उत्तर आलं, नाही. काही शोधतात, आणि काही दुसऱ्यानं शोधलेल्यावर जाऊन बसतात. मान खाली घालून उड्या मारत चाललेला पक्षी स्वतः शोधत असतो. मान वर ठेवून चाललेला असतो तो दुसऱ्यावर नजर ठेवून. आणि हे स्वभाव कायमचे नसतात. ऐतखाऊ फार झाले की त्यांतल्या काहींना काम करावंच लागतं. समित्यांचा अनुभव असलेल्या श्रोत्यांना याचं फारसं आश्चर्य वाटणार नाही.

आता पिंजऱ्याचा विषय निघालाच आहे तर तोही सांगून टाकतो. या कुळाचं दुर्दैव असं की ते देखणं आहे, दाण्यावर जगतं आणि थव्यानं सापडतं. जाळं टाकलं की एकदम पन्नास हाताला येतात. कित्येक वर्षं आपल्याकडच्या पक्षीबाजारांत मनोल्यांचे पिंजरे एकावर एक रचलेले असत. साध्या मनोलीला हिरवा-तांबडा रंग फासून विकण्याची युक्तीही होती. पहिल्या आंघोळीत निम्मं सौंदर्य ओघळून जाई. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला आणि १९९१ पासून भारतीय रानपक्ष्यांच्या व्यापाराला संपूर्ण बंदी आली. मनोली पिंजऱ्यात ठेवणं आज गुन्हा आहे. तिकडे सेनेगलसारख्या देशांतून छोटे फिंच मोठ्या प्रमाणात युरोपात जात. युरोपीय संघानं रानपक्ष्यांची आयात २००५ साली तात्पुरती आणि २००७ पासून कायमची थांबवली. पिंजऱ्यांतून सुटलेल्यांनी मात्र नवे मुलूख गाठलेच. आपली लाल मनोली आज स्पेन-पोर्तुगालमध्ये रानटी होऊन नांदते आहे. कालव्यांनी नव्यानं ओलिताखाली आलेल्या शेतांच्या कडेला, उंच गवतात. आपलं घर तिनं परमुलखात बरोबर ओळखलं.

कालव्यांच्या या उल्लेखावरून पुन्हा धाटावला येऊ. मुळशीच्या तलावाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं. हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. वीज करून सुटलेलं पाणी कुंडलिकेत पडतं आणि डोलवहाळच्या बंधाऱ्यापाशी कालव्यांत वळवलं जातं. त्यावर रोहा-माणगाव बाजूला उन्हाळी भात होतं. म्हणजे इथं दाणा वर्षातून दोनदा दुधात येतो. पाखरांना हे वरदानच वाटावं. शेतकऱ्याला काय वाटतं? गेल्या वर्षी एका वयस्क शेतकऱ्याशी बांधावर बसून बोलणं झालं.

“आबा, ही पाखरं भात खातात, त्याचं काही करत नाही तुम्ही?”

“खातात की. पण सर, एवढंसं पाखरू, त्याचं खाणं ते किती! रानडुक्कर रात्री येऊन लोळतो त्याचं बोला.”

“मग बांधावर पूर्वीइतकी दिसत का नाहीत?”

“बांधावर गवत हाय कुठं? बैल होते तवा गवताला किंमत होती. दसऱ्या-दिवाळीला कापायचं, भारे बांधायचे, माळ्यावर टाकायचं. आता नांगरट यंत्रानं. बैल नाय, तर गवत कोणाला पायजे? पोरगा औषध मारतो, दोन दिवसांत बांध साफ.”

आबांनी सांगितलं ते मला पुष्कळ पुस्तकांपेक्षा नेमकं वाटलं. ‘औषध’ म्हणजे तणनाशक. गवत कापलं जात होतं तेव्हा ते वाचत होतं, कारण कापण्याची वेळ ठरलेली होती. बी पिकून काही खाली सांडायचं, पिल्लं उडून जायची आणि मग विळा लागायचा. मघाशी सांगितलेले पाच आठवडे त्या रिवाजात आपोआप बसत होते. तणनाशकाला मात्र महिना-तिथी नाही. श्रावणात मारलं की बी धरण्याआधीच काडी पिवळी पडते.

बांधाचं हे झालं. भाताच्या खाचरांवर जी चढाची जमीन असते, तिला आपण वरकस म्हणतो. एखाद्या वर्षी नाचणी, वरी, मग काही वर्षं नुसतं गवत. हा मनोलीचा खरा मुलूख. आज नाचणी-वरी करणारे हात कमी झाले, आणि वरकस जमीन रस्त्याला लागून असेल तर तिथं तुकडे पडून तारेचं कुंपण येतं. खाली धाटावला औद्योगिक वसाहत झाली, रसायनांचे कारखाने आले. त्यांनी तालुक्यातल्या घरांना पगार दिला हे नाकारण्यात अर्थ नाही. माझे कितीतरी विद्यार्थी त्या पगारावर शिकले. पण सपाट, ओसाड, ‘बिनकामाची’ म्हणून जी जमीन अशा कामांना प्रथम जाते, ती बहुधा गवताची असते. वर माघ-फाल्गुनात डोंगरउतारांवर वणवे लागतात, तेव्हा जमिनीवर पडलेलं, पुढच्या चार महिन्यांचं बी जळून जातं.

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एक रकाना असतो, ‘पोटखराब’. जे क्षेत्र लागवडीला निरुपयोगी, ते त्यात दाखवतात. खडक, ओढ्याची कड, बांध, पाणथळ तुकडा. मनोलीचा पत्ता लिहायचा झाला तर तो याच रकान्यात लिहावा लागेल. आपण राखीव म्हणून जे राखलं ते रान राखलं. पनवेलजवळचं कर्नाळा १९६८ साली अभयारण्य झालं, मुरूड-रोह्याकडचं फणसाड १९८६ साली. दोन्ही झाली ते उत्तमच. पण ती झाडांची अरण्यं. धनेशाला, शेकरूला तिथं घर आहे. गवतावर जगणाऱ्या एवढ्याशा पाखराला घनदाट सावलीत काय मिळणार? कायद्यानं मनोलीला पिंजऱ्यातून सोडवलं, तिच्या गवताला मात्र अजून कुठल्याच सरकारी कागदावर धड नाव नाही.

आफ्रिकेतही गवताळ मुलखांची नांगरट चालूच आहे. तिथं आणखी एक गुंता आहे. सुगरणीच्या कुळातला क्वेलिया नावाचा पक्षी लाखांच्या थव्यांनी ज्वारी-बाजरीवर उतरतो, उभं शेत बसवतो. त्याच्यावर सरकारं विषारी फवारणी करतात, आणि फवारा काही चोच पाहून पडत नाही. त्याच बोरूंत रात्रीच्या वस्तीला आलेले निरुपद्रवी पक्षीही त्यात सापडतात. आपल्याकडे क्वेलिया नाही. मनोलीचा भातावरचा डल्ला आबांच्या हिशेबात बसतो, आणि त्या बदल्यात ती रानटी साव्यासारख्या तणाचं बी खाते, हेही मांडून ठेवायला हवं.

कुणाला ही पाखरं पाहायची असतील तर गणपती ते दिवाळी हा काळ बरा. सकाळी ऊन चढण्यापूर्वी कालव्याच्या कडेनं चालावं, आणि उंच गवत जिथं आपोआप हलताना दिसेल तिथं थांबावं. लाल मनोलीची एक खूण सांगतो. तिची चोच ऋतूप्रमाणं रंग बदलते. मे महिन्यात तिच्यावर तांबडेपणा चढू लागतो, नोव्हेंबर-डिसेंबरात ती अगदी लाखेसारखी लाल असते, आणि एप्रिलमध्ये भराभर काळी पडते. नराचा लाल पोशाखही विणीनंतर उतरतो व तो मादीसारखा करडा होतो. तेव्हा उन्हाळ्यात लाल पक्षी दिसला नाही म्हणून तो गेला असं समजू नये. आणि ज्यांच्या स्वतःच्या शेताचे बांध आहेत त्यांनी फवारणीऐवजी विळा लावून पाहावा, तोही दिवाळी झाल्यावर. दोन-चार काटेरी जाळ्या मध्ये तशाच राहू दिल्या, तर पुढच्या श्रावणात त्यांत गवताचा तो ओबडधोबड चेंडू सापडण्याचा बराच संभव आहे. त्याच्या भोकात बोट घालू नये. लांबून पाहिलं तरी आतली चिवचिव ऐकू येते.